सामन्याआधी आकडा लिहून घ्या

गोव्यात डिचोलीजवळच्या एका खाणीवर मी अकरा वर्षं वजनकाट्याचा कारकून होतो. भरलेला टिपर काट्यावर चढला की ड्रायव्हरची घाई सुरू व्हायची, "लिही रे दहा टन, रोजचंच आहे." मी अंदाजाने कधी लिहिलं नाही. काटा स्थिर व्हायचा, आकडा वहीत उतरायचा, ड्रायव्हर सही करायचा, मगच गाडी हलायची. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या आणि आमच्या भागातली कितीतरी माणसं घरी बसली. वेळ रिकामा आणि हातात फोन. त्यातून आमच्या वाड्यावर ऑनलाइन सट्टा शिरला. मीही त्यात होतो.

कोविडमुळे २०२०-२१ चा इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अख्खा हंगाम गोव्यातच खेळवला गेला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तिन्हीकडे प्रेक्षकांना बंदी. साखळीतल्या माझ्या घरापासून बांबोळी तासाभराच्या वाटेवर. तिथल्या रिकाम्या मैदानात सामना चालायचा आणि मी दिवा मालवून, पांघरुणात फोन धरून पैसे लावायचो. एका ओळखीच्या माणसाकडून सट्टा लावायचा आयडी घेतला होता. चार महिन्यांत एक लाख ऐंशी हजार गेले. ते घराची कौलं बदलायला बाजूला ठेवलेले होते. त्या पावसाळ्यात आईच्या खाटेभोवती तीन पातेली मांडावी लागली.

त्या चार महिन्यांत मी सामन्यांवर रोज बोलत होतो. तिठ्यावर, दुकानात, फोनवर. पण चर्चा म्हणावी अशी एकदाही झाली नाही. "आज गोवा मारणार", "लाव डोळे झाकून", "भाव बरा आहे, सोडू नको", एवढंच. त्या हंगामात घरच्या मैदानाचा फायदा कुठल्याही संघाला नेहमीसारखा मिळणार नव्हता, कारण बाकीच्या संघांचं घर शेकडो किलोमीटर दूर होतं आणि गोव्याच्या संघाचंही मैदान रिकामं होतं. हा साधा मुद्दा आमच्यापैकी एकानेही काढला नाही. सगळे डोक्याने चांगले होते. तरी कोणी काढला नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून आमच्या घराच्या सोप्यावर दर शनिवारी संध्याकाळी बैठक बसते. सात जणांनी सुरू केली, आता बारा आहोत. बहुतेक जण आधी सट्टा खेळलेले. तुमच्या वाड्यावर, कामाच्या ठिकाणी अशी मंडळी असतील आणि त्यांच्या गप्पांना नीट वळण लावायचं असेल, तर आम्ही जे करतो ते सांगतो.

पैसा उंबऱ्याबाहेर

पहिली अट हीच, आणि ती सैल करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं हा आता गुन्हा आहे, मग खेळ कौशल्याचा म्हणा की नशिबाचा. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ज्याने पैसे लावले आहेत तो चर्चा करू शकत नाही. त्याला फक्त होकार हवा असतो. तुम्ही म्हणालात की त्या संघाचा मुख्य बचावपटू जखमी आहे, तर त्याला ती माहिती वाटत नाही, अपशकुन वाटतो. पैसे काढून घेतले की तोच माणूस शांतपणे म्हणतो, "असं आहे होय? मग माझा आकडा खाली करतो." हा बदल मी माझ्या मामेभावात डोळ्यांनी पाहिला.

पार्टीची पैज, चहाची पैज, हेही नको. चहा घरचा असतो, भजी आळीपाळीने कोणीतरी आणतो. जिंकलेल्याला काही नाही, हरलेल्याला काही नाही. कोणी किती घालवले, पूर्वी किती कमावले, याचे आकडेही सोप्यावर बोलायचे नाहीत, कारण एकाने पन्नास हजारांची गोष्ट काढली की दुसऱ्याला लाखाची आठवते आणि सामना बाजूला राहतो.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या. पानावर पाच रकाने: प्रश्न, नाव, टक्के, कारण, सही. बाकी काही लागत नाही.

प्रश्न आधी नीट घडवा. "कोण जिंकेल?" हा कच्चा प्रश्न आहे, कारण फुटबॉलमध्ये बरोबरीही असते आणि सट्टा खेळणारा ती नेमकी विसरतो. "९० मिनिटं आणि भरपाईच्या वेळेत अमुक संघ जिंकेल का, हो की नाही?" असं लिहा. सामना संपल्यावर वाद उरता कामा नये.

मग ते घडण्याची शक्यता किती, याचे प्रत्येकाने टक्के द्यायचे, आणि तेही आपापल्या कागदावर, एकमेकांना न दाखवता. हे फार महत्त्वाचं आहे. आधी तोंडी विचारलंत तर सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाचा आकडा सगळ्यांचा होतो. आमच्याकडे एक नर्सताई येतात, स्वभावाने अबोल. पहिले दोन शनिवार त्या "मलाही तसंच वाटतं" म्हणत राहिल्या. कागद वाटायला लागल्यावर कळलं की त्यांना कधीच तसं वाटत नव्हतं. चिठ्ठ्या उघडल्या की सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा शोधायचा, आणि त्या दोघांनीच आधी बोलायचं. मधल्यांनी ऐकायचं. खरी चर्चा तिथून सुरू होते. बोलणं झालं की ज्याला बदलायचा त्याने आकडा बदलावा, मग वहीत लिहून सही. सही झाली की गाडी हलली.

कारणाच्या रकान्यात एकच वाक्य, पण तपासता येईल असं. "फॉर्मात आहेत" चालत नाही. "मागच्या पाच सामन्यांत चार गोल कॉर्नरवरून खाल्ले, आणि समोरच्यांचे दोन बचावपटू उंच आहेत" हे चालतं. सुरुवातीला लोक कंटाळतात, म्हणतात, "दादा, परीक्षा घेता काय?" त्यांना वेळ द्या. साधारण महिन्याभरात माणसं सामना वेगळ्या नजरेने बघायला लागतात, कारण शनिवारी वाक्य लिहायचं असतं.

दंडाचा हिशोब

हवामानाचे अंदाज किती चांगले हे मोजायला ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये एक रीत मांडली. आम्ही तीच वापरतो, फक्त पूर्णांकात. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि ते घडलं, तर तुम्ही शंभरापासून ३० ने चुकलात, तिसाचा वर्ग ९००, तो तुमचा दंड. घडलं नाही तर ७० ने चुकलात, दंड ४९००. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० म्हणणाऱ्याला कायम २५०० बसतात. म्हणजे सरासरी २५०० च्या वर गेली तर तुमचं बोलणं नाणेफेकीहून वाईट.

हे आम्हाला खरं कळलं ते २२ नोव्हेंबर २०२२ ला. वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया, मंगळवारी दुपारी. अर्जेंटिना ३६ सामने अपराजित होती. मामेभावाने ९५ लिहिले होते, नर्सताईंनी ८०. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला, आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला सौदीने पाच-सहा मिनिटांत दोन गोल मारून सामना २-१ जिंकला. शनिवारी वही उघडली. मामेभावाला ९०२५, ताईंना ६४००. दोघंही चुकले, पण एकसारखे नाही. मामेभाऊ बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "पंधरा टक्क्यांचा एवढा फरक?" पैसे लावत असताना त्याला "नक्की" आणि "बहुतेक" हे दोन शब्द सारखेच वाटायचे. त्या दिवशी ते वेगळे झाले.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांचा कारणाचा रकाना वाचून दाखवला. सात जणांपैकी सहांनी मेस्सीबद्दल लिहिलं होतं. सौदीबद्दल एकाचंही वाक्य नव्हतं. त्यांची बचावफळी खूप पुढे सरकून उभी राहत होती, म्हणून पहिल्या सत्रात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले होते. तेव्हापासून आमचा नियम आहे की कारण लिहिताना दुबळ्या संघाबद्दल एक वाक्य आलंच पाहिजे.

निकाल आणि निर्णय वेगळे ठेवा

सामन्यानंतरची बैठक बिघडते ती "मी म्हटलं नव्हतं?" या वाक्याने. ते बोलायला बंदी घाला. त्याऐवजी विचारा: आता माहीत झालेला निकाल विसरून, त्या शनिवारी हातात जी माहिती होती तिच्यावर तू पुन्हा तोच आकडा लिहिशील का?

नव्या माणसाला हे समजावताना मी इंडियन सुपर लीगचा २० डिसेंबर २०१५ चा फातोर्ड्याचा अंतिम सामना काढतो. गोव्यातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. ८७ व्या मिनिटाला गोल करून एफसी गोवा चेन्नईयिनविरुद्ध २-१ पुढे. मी विचारतो, त्या क्षणी तू किती टक्के लिहिले असतेस? बहुतेक जण नव्वदच्या आसपास म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मग ९० व्या मिनिटाला स्वयंगोल झाला, भरपाईच्या वेळेत आणखी एक, आणि आपण २-३ हरलो. नव्वद म्हणणारा मूर्ख नव्हता. दहातला एक भाग त्याने स्वतःच मोकळा ठेवला होता, तो त्या रात्री आला. हे ज्याला उमगलं तो सोबत्याला टोमणे मारत नाही आणि स्वतःलाही खात नाही.

भाव कसा वाचायचा

पूर्वी सट्टा खेळलेल्यांना भावांची भाषा येते, तिचा उपयोग करून घ्या. समजा एका सामन्याचे भाव असे आहेत: पहिला संघ १.८० (म्हणजे एक रुपया लावला आणि तो जिंकला तर एक रुपया ऐंशी पैसे हातात), बरोबरी ३.६०, दुसरा संघ ४.५०. एकाला प्रत्येक भावाने भागा. साधारण ५५.६, २७.८ आणि २२.२ टक्के येतात. बेरीज करायला सांगा. १०५.६ होते. जगात शंभरच टक्के असतात, वरचे साडेपाच बुकीचे. म्हणजे सगळे भाव अगदी अचूक धरले तरी शंभर रुपये लावणाऱ्याच्या पदरात सरासरी पंच्याण्णवही परत येत नाहीत. तीच रक्कम पुन्हा पुन्हा, दहा वेळा फिरवली तर सरासरी अठ्ठावन्नच्या आसपास उरते. हा हिशोब मी तोंडी सांगत नाही. ज्याला सांगायचं त्याच्या हातात कॅल्क्युलेटर देतो. टिपर चालवणाऱ्या आमच्या एका सोबत्याने तो तीनदा केला आणि म्हणाला, "काट्यातच खोट होती म्हणायची." मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

पक्क्या टिपेचं

प्रत्येक गटात एक जण येतो ज्याला कुठूनतरी पक्की टीप मिळते. "त्याने सलग पाच बरोबर सांगितले आहेत," असं तो शपथेवर सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला कागदावर हे करून दाखवा. टीप देणारा ६४० जणांना निरोप पाठवतो, अर्ध्यांना हा संघ, अर्ध्यांना तो. बरोबर ठरलेल्या ३२० जणांना पुढचा निरोप, पुन्हा अर्धा-अर्धा. मग १६०, ८०, ४०, २०. पाच सामन्यांनंतर वीस माणसं अशी उरतात की त्यांच्या दृष्टीने तो देवमाणूस आहे, आणि पैसे तो त्या विसांकडेच मागतो.

गटातल्या हुशार माणसाबद्दलही हीच सावधगिरी हवी. आम्ही एकदा बारा जणांनी वीस-वीस वेळा रुपयाचं नाणं उडवून छापा मोजला. गणित सांगतं की बारांतल्या एखाद्याला तरी वीसपैकी चौदा किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. आमच्याकडे ते पंचायतीतल्या कारकुनाला पडले. तेव्हापासून वीस सामन्यांवरून कोणाला आम्ही जाणकार म्हणत नाही. शंभर नोंदी होऊ द्या, मग बघू.

जो अजून खेळतो

असा माणूस येईल. त्याला हाकलू नका, पण सोप्यावर त्याच्या लावलेल्या पैशांवर चर्चाही करू नका. तो विचारेल, "तुम्ही सत्तर म्हणालात, मग लावू का?" याचं उत्तर गटाने एकच द्यायचं, नाही. आमची वही कोणाच्या खिशासाठी नाही. बैठक उठल्यावर दोघांनी त्याच्याबरोबर चालत घरापर्यंत जावं. हरलेलं भरून काढायला रात्री पुन्हा लावणं, घरात खोटं बोलणं, उसने मागणं, झोप उडणं, यातलं काही दिसलं तर त्याला १४४१६ हा क्रमांक द्या. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे. क्रमांक देऊन थांबू नका, त्याच्या शेजारी बसून फोन लावा. मी स्वतः पहिला फोन लावला तेव्हा नर्सताई माझ्या शेजारी बसल्या होत्या, आणि त्या नसत्या तर मी वाजायच्या आत कापला असता.

हंगाम संपल्यावर

मे महिन्यात एक संध्याकाळ फक्त वही वाचायला ठेवा. प्रत्येकाचे ६० च्या आसपासचे सगळे अंदाज एकत्र काढा, ७० चे वेगळे, ८० चे वेगळे, आणि त्यांतले किती घडले ते मोजा. ७० म्हणणाऱ्याचे दहातले सात घडले तर त्याच्या तोंडच्या शब्दाला वजन आहे. मागच्या मेमध्ये मामेभावाचे ८० चे चाळीस अंदाज निघाले, त्यातले चोवीस घडले होते. म्हणजे साठ टक्के. त्याने वही माझ्या हातातून घेतली, शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "मला ऐंशी वाटलं की साठ लिहायचं," खाली सही केली आणि तारीख घातली. जूनच्या पहिल्या शनिवारी नवी वही आणली तेव्हा ते पान कापून त्याने पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं.