लाकडी फ्लोअरिंगचे काम निकृष्ट निघाल्यास

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि पाऊस सुरू होताच हवा दमट होते, त्यामुळे सागवानासारख्या अस्सल लाकडाच्या फळ्या आधी आकसतात आणि मग फुगतात. उन्हाळ्यात पडलेली बारीक फट पावसाळ्यात आपोआप बुजत असेल, तर त्याचा दोष कारागिराला देणे अन्यायाचे ठरेल. मात्र फळ्या मध्येच उचलल्या जाऊन तंबूसारख्या उभ्या राहिल्या, तर एका बाजूचे स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) काढून पाहावे. भिंत आणि फळी यांच्यामध्ये साधारण 10 ते 12 मिलिमीटर मोकळी जागा सोडलेली नसेल, तर चूक उघड आहे. पायाखाली पोकळ आवाज येणाऱ्या जागी खडूने खूण करावी, मोजपट्टी ठेवून फटींची तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि कोबा (फळ्यांखालचा सिमेंटचा थर) ओला असतानाच काम उरकले होते का, हे ओलावा मोजणाऱ्या मीटरने त्रयस्थ जाणकाराकडून तपासून घ्यावे. तोवर घासकाम किंवा पॉलिश मुळीच करू नये, कारण त्याने पुरावाच पुसला जातो.

ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. दुरुस्तीची मुदत घालून लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते; त्यापुढे लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर अशा आपापल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि कामाचा मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही.