सोयाबीन निघालं, आता हरभरा टाकताय? मग एवढं वाचून घ्या

हरभरा लाडानं बिघडतो. पाणी जास्त झालं, वरून युरिया फेकला की नुसता माजतो, बांधावरून बघणारा म्हणतो काय प्लॉट आहे राव, आणि घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) बघायला गेलं तर फांद्याच फांद्या.

पेरणीचं टायमिंग आधी. कोरडवाहू असेल तर २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, जमिनीत ओल आहे तोवर उरकायचं आणि बी जरा खोल टाकायचं. पाण्याची सोय असेल तर २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. दोन ओळींत ३० सेंटीमीटर, दोन रोपांत १०. विजयसारखं मध्यम दाण्याचं वाण असेल तर एकरी २६-२८ किलो बियाणं बास होतं, दिग्विजय, विशाल टपोरे आहेत त्यांना ४० किलोपर्यंत लागतं. हार्वेस्टरनं काढायचा विचार असेल तर फुले विक्रम बघा, ते उंच वाढतं आणि घाटे जमिनीपासून वर लागतात.

बीजप्रक्रिया टाळू नका, लोक इथंच कंटाळा करतात. आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) किलोला ५ ग्रॅम, मग गुळाच्या थंड पाण्यात कालवून रायझोबियम (हवेतला नत्र मुळाला देणारे जिवाणू) १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, पीएसबी (मातीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू) पण तेवढंच, आणि सावलीत सुकवून लगेच पेरायचं, उन्हात अजिबात ठेवायचं नाही. रायझोबियमनं काम केलं का ते बघायचं असेल तर महिनाभरानं एखादं झाड हळूच मुळासकट उपटा, मुळावरची गाठ नखानं फोडा, आतून गुलाबी निघाली म्हणजे हवेतला नत्र झाडाला मिळायला लागलाय. म्हणूनच पेरताना एकरी एक बॅग डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दिली की पुढं युरियाची गरज पडत नाही, दुकानदार काहीही सांगू दे.

महिन्याच्या आसपास शेंडे खुडायचे, फुटवे वाढतात आणि घरी भाजी होते ती वेगळीच (ज्वारीची भाकरी पाहिजे मात्र सोबत). पानावरच्या आंबीनं बोटं चरचरतात तेवढं सोसायचं.

पाणी दोनच. पहिलं ३०-३५ दिवसांनी, दुसरं ६०-६५ दिवसांनी घाटे भरताना. भारी काळ्या रानात कधीकधी एकावरच भागतं. भेगा मोठ्या व्हायच्या आत द्यायचं आणि मोकाट सोडायचं नाही, स्प्रिंकलर असेल तर उत्तमच, कारण पाणी साचलं की मुळं गुदमरतात, झाड पिवळं पडतं आणि मग आपण मर (झाड वाळवणारा बुरशीचा रोग) आला मर आला म्हणून औषधं आणत बसतो.

खरा त्रास घाटे अळीचा. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा, रानात टीच्या आकाराच्या काठ्या रोवा, त्यावर चिमण्या-साळुंक्या बसून अळ्या फुकटात वेचतात. पेरतानाच मधेमधे ज्वारीचे दाणे टाकले तर काठ्यांचं पण काम वाचतं. फुलं लागायला लागली की ५ टक्के निंबोळी अर्क, आणि अळी बारीक असतानाच एचएनपीव्ही (घाटे अळीला रोग लावणारा विषाणू) मारायचं, तेही संध्याकाळी, उन्हात तो विषाणू टिकत नाही. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसायला लागल्या तरच इमामेक्टिन या रासायनिक कीटकनाशकाकडं वळा, आठवड्याला पंप पाठीवर घ्यायची गरज नाही.

घाटे वाळले की सकाळच्या गारव्यात काढणी करायची, दुपारी केली तर घाटे रानातच गळतात. मळल्यावर पाच-सहा दिवस कडक ऊन द्या, कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, नाहीतर भुंगा लागलाच म्हणून समजा.

आणि एक, त्याच तुकड्यात दरवर्षी हरभरा नको. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. पुढच्या रब्बीला तिथं ज्वारी नाहीतर गहू घ्या, हरभऱ्यानं मुळात आणि गळलेल्या पाल्यात ठेवलेला नत्र त्यांना आयता मिळतो, त्यांचं खत पण थोडं कमी करता येतं.