ठाण्यात तुमचे नगरसेवक एक नाही, चार!

ठाणे महापालिकेत 131 जागा आणि 33 प्रभाग. 32 प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकात तीन. म्हणून मतदानाला गेलो की अ, ब, क, ड अशा जागांसाठी वेगवेगळं मत द्यावं लागतं. पण 'अ म्हणजे आपली गल्ली, ब म्हणजे पलीकडची' असं काही नसतं. प्रत्येक जण अख्ख्या प्रभागाचा प्रतिनिधी असतो. "ते माझ्याकडे येत नाही, त्यांना विचारा" हे उत्तर मुळीच मान्य करू नका.

गटार तुंबलंय, पथदिवा बंद आहे, तर आधी अर्ज प्रभाग समितीच्या कार्यालयात द्या. नौपाडा-कोपरी, उथळसर, कळवा, दिवा अशी ही कार्यालयं आहेत, प्रमुख सहाय्यक आयुक्त. काम करून घेण्याचा अधिकार प्रशासनाकडे असतो. नगरसेवक पाठपुरावा करतो, सभागृहात प्रश्न मांडतो, निधी सुचवतो. अर्जात जागा नेमकी लिहा: रस्ता, सोसायटी, खांबावर नंबर असेल तर तोही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मग त्याच शिक्क्याच्या झेरॉक्स चारही नगरसेवकांच्या कार्यालयात द्या, पक्ष कुठलाही असो. विरोधी बाकावरचा नगरसेवक तर असा कागद हातात आला की सभेत हमखास उभा राहतो.

घरातली वीज गेली तर मात्र महापालिकेत जाऊ नका, ते काम वीज कंपनीचं.