वनस्पती-पुनरुज्जीवनाच्या अभ्यासाला निघण्यापूर्वीची तयारी

क्षेत्रभेटीची तारीख ठरवण्याआधी अभ्यासाचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा आणि त्या वाक्यात ‘हिरवे आच्छादन किती वाढले’ याच्या जोडीला ‘कोणाला काय पुन्हा मिळू लागले’ हेही आले आहे का, ते तपासावे. उजाड जमिनीवर झाडे उभी राहिली, तरी लोकांच्या वापरातले कंद, रानभाज्या, टोपल्यांसाठी लागणाऱ्या काड्या किंवा औषधी साल देणारी झुडपे परतलेली नसणे अगदी शक्य असते. म्हणून पारंपरिक वापराची माहिती अहवालाच्या परिशिष्टापुरती ठेवू नये; पाहणीच्या जागा निवडण्यापूर्वीच ती हाताशी असावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर नकाशांची जुळवाजुळव करावी. जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९ मध्ये भूदृश्य परिस्थितिकीला, म्हणजे जमिनीच्या विस्तृत पट्ट्यातील सजीव आणि परिसर यांच्या संबंधांच्या अभ्यासाला, तिचे नाव दिले ते हवाई छायाचित्रांच्या अभ्यासातून, आणि वरून पाहण्याची ती सवय या शास्त्रात अजून टिकून आहे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमा १९७२ पासूनच्या असल्याने जुना बदल पाहण्यासाठी त्या घ्याव्यात, तर अलीकडच्या बारकाव्यांसाठी २०१५ पासून मिळणाऱ्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या १० मीटर विभेदनाच्या (म्हणजे १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणाऱ्या) प्रतिमा घ्याव्यात. दोन्ही विनामूल्य मिळतात. तुलनेसाठी शक्यतो एकाच ऋतूतल्या प्रतिमा निवडाव्यात, नाहीतर पानगळ हीच जंगलतोड म्हणून नोंदली जाते. लँडसॅटचा ३० मीटरचा एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन, ९०० चौरस मीटर जमीन व्यापतो. ओढ्याकाठची अरुंद पट्टी, बांधावरची झुडपे, पायवाटेच्या कडेचे गवत त्यात विरून जाते, आणि रोजच्या वापरातल्या वनस्पती कितीतरी वेळा नेमक्या अशाच कडेला वाढतात. या जागा हाताने नकाशावर चढवण्यासाठी वेगळे दिवस राखून ठेवावेत. तिथे कोण काय गोळा करते हे विचारल्याखेरीज कोणत्याही तुकड्याला ‘पडीक’ हे नाव देऊ नये.

सर्वांत जास्त वेळ संमतीसाठी लागतो, आणि तो द्यायलाच हवा. नमुने गोळा करण्याचे शासकीय परवाने एकीकडे, आणि ज्यांचे ज्ञान आपण लिहून घेणार त्यांची मोकळी, आगाऊ आणि समजून दिलेली संमती दुसरीकडे. एक मिळाले म्हणून दुसरे मिळाले असे होत नाही. २०१० मध्ये स्वीकारलेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये अमलात आलेला नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार जनुकीय संसाधनांबरोबरच (वनस्पती, बियाणे यांसारख्या सजीव सामग्रीबरोबरच) त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानालाही लागू होतो, तेव्हा ज्या देशात काम करायचे त्या देशाचे यासंबंधीचे नियम आधी वाचून घ्यावेत. संमतीपत्र लोकांच्या भाषेत असावे, ते वाचून दाखवावे, आणि दिलेली माहिती मागे घेण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेला असावा. दुर्मिळ औषधी वनस्पतीचे अचूक ठिकाण छापील नकाशावर येणार की नाही, हेही याच बैठकीत ठरवावे, कारण एकदा प्रसिद्ध झालेले ठिकाण परत झाकता येत नाही.

वनस्पतींच्या नमुन्यांच्या साहित्यात ते दाबून सुकवण्याचा प्रेस, टीपकागद, भरपूर जुनी वर्तमानपत्रे, लेबले आणि शिसपेन्सिली घ्याव्यात. एकाच स्थानिक नावाखाली दोन वेगळ्या प्रजाती असू शकतात आणि एकाच प्रजातीला शेजारच्या दोन वस्त्यांत दोन नावे असू शकतात, त्यामुळे नमुन्याशिवाय लिहिलेले नाव पुढे कोणालाच पडताळता येत नाही. लेबल झाडापाशीच लिहावे. सुकल्यावर जांभळी पाकळी तपकिरी होते, वास उडून जातो, देठातून आलेल्या चिकाचा फक्त एक डाग उरतो. म्हणून रंग, वास, चीक, झाडाची उंची, जागा, तारीख आणि सांगणाऱ्याने वापरलेले नाव त्याच्याच उच्चारात तिथल्या तिथे नोंदवावे. सुरुवातीचे काही दिवस कागद रोज बदलावेत, नाहीतर बुरशी धरते. जाड कंद उभा चिरून वाळवावा. मोजकीच रोपे उरलेली वनस्पती मात्र उपटू नये, तिचे छायाचित्र पुरेसे मानावे.

वनस्पती मोजण्यासाठी जमिनीवर आखायच्या चौकटींची सामग्री नेहमीचीच आहे: मोजपट्टी, दोरी, खुंट्या, जीपीएस. साधारणपणे गवत-रोपट्यांसाठी १ × १ मीटरची, झुडपांसाठी ५ × ५ मीटरची आणि झाडांसाठी त्याहून मोठी चौकट घेतात. लागवड होणाऱ्या जागेसोबत तुलनेसाठी एक तग धरून राहिलेले जुने वन आणि एक काहीच न केलेली जागा निवडलेली असावी, आणि पहिली मोजणी लागवडीपूर्वी व्हावी. ती राहून गेली तर पुढची सगळी आकडेमोड अंदाजावर उभी राहते.

माहिती घेण्यासाठी बंद खोलीतल्या प्रश्नावलीपेक्षा सोबत चालण्याची तयारी ठेवावी. गुराखी, सरपण आणणाऱ्या बायका आणि वैदू यांच्या वाटा वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येकाबरोबर वेगळी फेरी आखावी, त्यांच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात आधीच धरावा आणि सुगीचे दिवस टाळावेत. कोणते फळ, पान, मूळ कोणत्या महिन्यात काढतात याचे बारमाही कोष्टक या फेऱ्यांतूनच भरत जाते. मसुदा नकाशा लोकांच्या भाषेत छापून त्यांच्यासमोर मांडण्याचा आणि त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करून घेण्याचा दिवसही निघण्यापूर्वीच वेळापत्रकात लिहून ठेवावा, आणि त्या छपाईचा खर्च शिलकीवर न सोडता पहिल्याच हप्त्यातून बाजूला काढावा.