जुनं रेसिंग व्हील नव्या कन्सोलवर: घेण्याआधी काय तपासायचं, जोडताना काय करायचं

कोकणात रेसिंग व्हील सहसा जवळच्या दुकानातून येत नाही. गणपतीला येणारा चाकरमानी घेऊन येतो, आखातातला मामा पाठवतो, नाहीतर पुण्या-मुंबईच्या कुणाकडून सेकंडहँड मागवलं जातं. ते कन्सोलवर चाललं नाही, तर सावंतवाडी किंवा गुहागरहून परत पाठवणं फार त्रासाचं असतं. म्हणून निम्मं काम पैसे देण्याआधी, फोनवर फोटो मागवूनच उरकायचं.

यूएसबी बसते, तरी कन्सोल ओळखत का नाही?

कॉम्प्युटरला ड्रायव्हर मिळाला की तो कुठलंही व्हील चालवतो. कन्सोलचं तसं नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स जोडलेल्या उपकरणाकडे ओळख मागतात. त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणारी चिप परवाना घेतलेल्या उपकरणातच असते. चिप नसेल तर मोटर कितीही चांगली असो, उपयोग नाही. पीएस ४ (प्लेस्टेशन ४) वर असं बिनपरवान्याचं उपकरण आधी चालू होतं आणि सुमारे ८ मिनिटांनी बंद पडतं. विकणाऱ्याने दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला आणि त्यात गाडी पळताना दिसली, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. एक्सबॉक्सवर २०२३ च्या अखेरीपासून अनधिकृत उपकरणं अडवली जातात आणि पडद्यावर तसा मेसेज येतो.

सोनीने ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर केलं होतं, की परवाना असलेली पीएस ४ ची व्हील्स पीएस ५ वरही चालतील, पीएस ५ च्या गेममध्येसुद्धा. पीएस ४ च्या कंट्रोलरला ही सवलत नाही. तो पीएस ५ वर फक्त पीएस ४ च्या गेमपुरता चालतो. एक्सबॉक्स वनची व्हील्स सिरीज एक्स आणि सिरीज एसवर चालतात. एक्सबॉक्स ३६० च्या काळातली व्हील्स मात्र नव्या एक्सबॉक्सवर चालत नाहीत.

पायरी १: बेसच्या तळाचा फोटो मागवा

बेस म्हणजे ज्यात मोटर असते तो भाग. त्याच्या तळाशी मॉडेलचं नाव आणि वीजपुरवठ्याची माहिती असलेलं लेबल असतं. जाहिरातीत लिहिलेलं नाव धरू नका, लेबल वाचा.

लॉजिटेकची जी २५, जी २७ आणि ड्रायव्हिंग फोर्स जीटी ही पीएस ३ पर्यंतच्या काळातली व्हील्स आहेत. पीएस ४ आणि पीएस ५ त्यांना थेट ओळखत नाहीत. जी २९ पीएस ३, पीएस ४, पीएस ५ आणि कॉम्प्युटरवर चालतं. जी ९२० एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटरसाठी आहे. ही दोन दिसायला जवळजवळ सारखी, त्यामुळे सर्वात जास्त फसगत इथेच होते. ओळखायची खूण सोपी आहे: जी २९ वर त्रिकोण, गोल, फुली, चौकोन ही बटणं, वर इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या दिव्यांची रांग आणि उजवीकडे लाल फिरतं बटण असतं. जी ९२० वर ए, बी, एक्स, वाय असतात आणि दिव्यांची रांग नसते. २०२० साली आलेलं जी ९२३ दोन वेगळ्या आवृत्त्यांत मिळतं. दिवे दोन्हींवर आहेत, म्हणून तिथे बटणांवरची चिन्हंच पाहायची.

थ्रस्टमास्टरमध्ये टी १५० आणि टी ३०० आरएस प्लेस्टेशनची, टीएमएक्स आणि टीएक्स एक्सबॉक्सची. टी २४८ आणि टी १२८ दोन्हींसाठी निघतात, पण एकच नग दोन्हीकडे चालत नाही. इथे सगळं बेसवर ठरतं. टीएक्सच्या बेसवर टी ३०० चं गोल व्हील बसवलं, तरी ते एक्सबॉक्सचंच राहतं.

फॅनाटेकचा हिशेब वेगळा आहे. प्लेस्टेशनचा परवाना बेसमध्ये असतो, एक्सबॉक्सचा हातात धरायच्या व्हीलमध्ये. त्यामुळे प्लेस्टेशनचा बेस आणि एक्सबॉक्सचं व्हील घेतलं, तर एकाच संचावर दोन्ही कन्सोल चालतात. घरात दोन भावांचे दोन कन्सोल असतील तर हे महागडं सामान परवडू शकतं. मोझाचे बहुतेक बेस केवळ कॉम्प्युटरचे आहेत. एक्सबॉक्ससाठी त्यांचा आर ३ हा संच आहे. निन्टेंडो स्विचसाठी मिळणाऱ्या व्हीलमध्ये फोर्स फीडबॅक नसतो, म्हणजे मोटर हाताला उलटा जोर देत नाही. लहान मुलांना ती पुरतात.

पायरी २: गेमची यादी पाहा

कन्सोलने व्हील ओळखलं तरी गेमलाही ते कळावं लागतं. ग्रॅन टुरिस्मो ७ जी २९, जी ९२३, टी १५०, टी ३०० आरएस आणि फॅनाटेकचं जीटी डीडी प्रो ओळखतो. फॉर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ पासून पीएस ५ वर आहे, पण तुमच्याकडे असलेलं नेमकं मॉडेल गेमच्या अधिकृत यादीत शोधूनच गेम विकत घ्या. नुसती गाडी चालवता येते असे कितीतरी गेम आहेत, ज्यांत व्हीलची सोयच नाही. गेमच्या सेटिंगमध्ये व्हीलसाठी वेगळं पान नसेल, तर व्हील ठीक असूनही काही हलणार नाही.

पायरी ३: जी २७ घरात पडलंय, त्याचं काय?

ड्राइव्ह हबसारखे अडॅप्टर मिळतात. अडॅप्टर कन्सोलला, व्हील अडॅप्टरला आणि एक अस्सल कंट्रोलर केबलने अडॅप्टरला जोडायचा, कारण कन्सोलच्या प्रश्नाला उत्तर देण्याचं काम त्या कंट्रोलरची चिप करते. नकली कंट्रोलर चालत नाही. केबलही डेटा वाहणारी हवी. फोन चार्जरसोबत आलेल्या काही केबलींतून नुसती वीज जाते, आणि मग अडॅप्टर बिघडला असं वाटून माणूस तासभर झगडतो.

पीएस ५ वर हे अडॅप्टर मुख्यतः पीएस ४ आवृत्तीच्या गेममध्ये कामाचे. ज्या गेमच्या दोन्ही आवृत्त्या तुमच्याकडे आहेत, त्यात गेमच्या पानावरच्या तीन टिंबांतून आवृत्ती बदलून पीएस ४ ची निवडा.

आमचं स्पष्ट मत: सुस्थितीतलं जी २७ घरात असेल तरच अडॅप्टर घ्या. अडॅप्टर लावू म्हणून जुनं जी २७ विकत घेऊ नका. त्या पैशांत थोडी भर घालून सेकंडहँड जी २९ घेणं बरं. आणि जी २७ साठी खरी चांगली जागा म्हणजे घरातला विंडोज कॉम्प्युटर. तिथे लॉजिटेकचं नवं सॉफ्टवेअर जी हब चालत नाही, जुनं लॉजिटेक गेमिंग सॉफ्टवेअर लागतं.

पायरी ४: वीज

बेसच्या किंवा वेगळा वीज-अडॅप्टर असेल तर त्याच्या लेबलवर इनपुट १००–२४० व्होल्ट किंवा २२०–२४० व्होल्ट लिहिलेलं हवं. अमेरिकेतून आलेल्या एखाद्या नगावर फक्त १२० व्होल्ट असेल तर तो आपल्या प्लगमध्ये घालूच नका. पिनचा कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही. जी २९ चा वीज-अडॅप्टर व्हीलला २४ व्होल्ट देतो. हरवला असेल तर बदली अडॅप्टर त्याच व्होल्टेजचा, मूळच्या इतक्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि त्याच ध्रुवांचा घ्या.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला, की व्हील, कन्सोल आणि टीव्हीचे प्लग काढा. डिशची केबलही काढा. विजेचा झटका डिशच्या तारेतून टीव्हीत आणि तिथून एचडीएमआयमार्गे कन्सोलमध्ये शिरू शकतो, हे बरेच जण विसरतात. लाइट गेल्यावर लगेच परत येते आणि पुन्हा जाते, अशा संध्याकाळी खेळ थांबवलेला बरा.

पायरी ५: पक्कं बसवा

प्लॅस्टिकच्या टेबलावर व्हील बसवू नका. मोटरचा जोर लागला की फळी वाकते आणि क्लॅम्प सैल होतो. काचेच्या टीपॉयवर तर मुळीच नको. जुन्या घरातलं फणसाचं किंवा सागाचं टेबल उत्तम, पण फळी जाड असते. क्लॅम्पचं तोंड किती उघडतं ते आधी मोजा. बसत नसेल तर बेसच्या तळाच्या भोकांतून ६ मिमीचे बोल्ट घालून टेबलाच्या फळीवर आवळता येतं. बोल्टची लांबी फळीच्या जाडीपेक्षा १० मिमीनेच जास्त ठेवा. लांब बोल्ट आतल्या भागांना भिडतो.

गुळगुळीत लादीवर पेडल ब्रेक दाबताच पुढे सरकतात. जी २९ च्या पेडलखालचे दात गालिच्यासाठी आहेत, लादीवर त्यांचा उपयोग नाही. पेडल आणि समोरची भिंत यांच्यामध्ये मापाची लाकडी फळी अडकवा. जी २९ च्या ब्रेकमध्ये रबराचा ठोकळा असल्यामुळे तो मुद्दाम कडक आहे, नीट जोर द्यावा लागतो. म्हणून चाकांची खुर्ची नको. साधी लाकडी खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवा.

पायरी ६: जोडणी, याच क्रमाने

पहिलं काम फर्मवेअर, म्हणजे व्हीलच्या आतलं सॉफ्टवेअर. ते कन्सोलवरून होत नाही. टी ३०० आरएससारख्या व्हीलला पीएस ५ च्या आधी विंडोज कॉम्प्युटरला जोडून कंपनीच्या साइटवरची नवी आवृत्ती भरावी लागते. घरात कॉम्प्युटर नसेल तर ओळखीच्या सायबर कॅफेत किंवा संगणक क्लासमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. अपडेट चालू असताना लाइट जाऊ नये म्हणून यूपीएस असलेली जागा निवडा.

मग व्हीलवरचा मोडचा खटका पाहा. जी २९ आणि टी ३०० आरएसवर पीएस ३ आणि पीएस ४ असे दोन मोड असतात. पीएस ५ साठी पीएस ४ वर ठेवायचा. खटका व्हील बंद असतानाच हलवा.

पेडलची वायर बेसला लावा, मग वीज, शेवटी यूएसबी. यूएसबी हब वापरू नका. पीएस ५ स्लिम आणि प्रो यांच्या पुढच्या बाजूला फक्त यूएसबी-सी आहे. व्हीलची रुंद पिन मागच्या दोन जागांपैकी एकात जाते. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसला पुढे एक, मागे दोन रुंद जागा आहेत.

कन्सोल सुरू झाला की व्हील आपोआप डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरून मध्ये थांबतं. तोवर हात लावू नका, नाहीतर मध्यबिंदू चुकतो. त्यानंतर तिन्ही पेडल एकेकदा तळापर्यंत दाबा. लॉजिटेकला यातूनच पेडलचा पूर्ण पल्ला कळतो. हे न केल्यास गाडी अर्धा ब्रेक लागल्यासारखी ओढत चालते.

आता व्हीलवरचं पीएस किंवा एक्सबॉक्सचं बटण दाबा आणि तोच युजर निवडा, ज्याच्या नावाने गेम सुरू आहे. कंट्रोलर एका युजरचा आणि व्हील दुसऱ्याचं झालं, तर मेनूत व्हील चालतं आणि गेममध्ये नाही.

पायरी ७: जोर किती ठेवायचा

ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये टॉर्क आणि संवेदनशीलता असे दोन आकडे १ ते १० पर्यंत असतात. दोन्ही ५ वर ठेवून सुरुवात करा. टॉर्क १० वर नेला की छोटी मोटर सतत पूर्ण जोर लावते, त्यामुळे रस्त्याचे बारीक खळगे हाताला कळेनासे होतात आणि मोटर तापते. वळणावर जोर कमी-जास्त होताना स्पष्ट जाणवला, तर आकडा बरोबर आहे.

बिघाड आणि त्याची कारणं

व्हील फिरून मध्ये आलंच नाही: वीज पोचत नाही, वीज-अडॅप्टरची पिन सैल आहे. फिरतं, पण दरवेळी वेगळ्याच जागी थांबतं: जी २५ आणि जी २७ मध्ये मोटरवरची छोटी एन्कोडर चकती (व्हील किती फिरलं ते मोजणारी) तडकते, ती बदलावी लागते. बटणं चालतात पण जोर नाही: गेमने फोर्स फीडबॅक बंद ठेवलाय किंवा मोड चुकलाय. ८ मिनिटांनी तुटतं: ओळख पटलेली नाही, अडॅप्टरवरचा कंट्रोलर तपासा.

पेडल उड्या मारतं, पाय स्थिर असताना वेग कमी-जास्त होतो, ही तक्रार आपल्याकडे फार. पेडलच्या आत पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणारे भाग. त्यांत जांभ्याची बारीक तांबडी धूळ शिरते आणि खाऱ्या हवेने पट्टी गंजते. वॉरंटी संपली असेल तर प्लग काढून तळाचे स्क्रू उघडा, पोटेन्शिओमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, पेडल २०–३० वेळा दाबा, अर्धा तास सुकू द्या. गंज काढायचं तेलकट स्प्रे तिथे वापरू नका. त्यावर धूळ आणखी चिकटते. लॉजिटेकच्या पेडलच्या वायरीला असलेल्या नऊ पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा.

सेकंडहँड नग प्रत्यक्ष पाहायला मिळाला तर स्क्रूंची डोकी आणि हे नऊ पिन आधी बघा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कितीतरी घरांतलं सामान पाण्याखाली गेलं. भिजून सुकवलेलं व्हील काही दिवस चालतं आणि मग बोर्डावरचा गंज आतून खात जातो. स्क्रूवर पांढरट-हिरवा थर, पेडलच्या कोपऱ्यात सुकलेला गाळ, यातलं काहीही दिसलं तर घेऊ नका.

पावसाळ्यात महिनाभर खेळणार नसाल, तर व्हील आणि पेडल कोरड्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि डबा जमिनीपासून उंच फळीवर. पुड्या ओल्या झाल्या की बदला. बाहेर काढल्यावर लगेच वीज देऊ नका. मुंग्यांनी आत घर केलंय का ते हवेच्या फटींतून टॉर्च मारून पाहा, मग जोडा.