कुठपर्यंत आलात? : गेमप्रेमींच्या गटात चर्चा आणि मैत्री कशी जपावी

21 जून 2024 रोजी ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेमचा विस्तार, म्हणजे मूळ गेमला जोडलेला नवा भाग, आला, तेव्हा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या आमच्या ठाणे-नवी मुंबईच्या गटात साठेक माणसे होती आणि त्या साठांपैकी गेममध्ये एकाच ठिकाणी उभे असलेले दोघेही शोधून सापडले नसते. मूळ गेम 25 फेब्रुवारी 2022 चा, म्हणजे सव्वादोन वर्षे उलटून गेलेली. तरीही घोडबंदर रोडवरून रोज अंधेरीला जाऊन-येऊन रात्री अकरानंतर जेमतेम तासभर खेळणारा एक जण अजून अर्ध्यातच होता, तर ऐरोलीच्या एका मित्राची तिसरी फेरी चालू होती. त्यातच विस्तारात शिरण्यासाठी मूळ गेममधले दोन बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, हरवावेच लागतात (त्यांची नावे इथे मुद्दामच देत नाही) आणि त्यांतला एक इतक्या आडबाजूला आहे की कथा पूर्ण केलेल्या आमच्यातल्या काहींनाही तो कधी भेटला नव्हता. चौथ्या रात्री कोणीतरी सर्वांसाठीच्या चॅनेलवर विस्ताराच्या शेवटच्या बॉसचे चित्र टाकले, खाली ‘बापरे!’ एवढेच लिहिले, आणि घोडबंदरचा आमचा मित्र एक शब्दही न बोलता गटातून निघून गेला.

त्या प्रसंगानंतर मॉडरेटर, म्हणजे गट सांभाळणारा, म्हणून मी जे शिकलो, ते असा गट चालवणाऱ्यांसाठी आणि अशा गटात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहीत आहे. गेमच्या गटातली बहुतेक भांडणे स्वभावामुळे होत नाहीत. माणसे एकाच गोष्टीत वेगवेगळ्या ठिकाणी उभी असतात आणि तसे उभे असल्याचे विसरतात, म्हणून होतात. गडकरी रंगायतनमध्ये मध्यंतर सगळ्या प्रेक्षागृहाचे एकाच वेळी होते, त्यामुळे बटाटेवडा खाताना पहिल्या अंकाबद्दल कोणीही कोणाशी मोकळेपणाने बोलू शकतो. गेममध्ये मात्र प्रत्येकाचे मध्यंतर वेगळे. म्हणून कोणाशीही बोलणे सुरू करताना पहिला प्रश्न ‘कुठपर्यंत आलात?’ हाच असावा, आणि उत्तर येईपर्यंत आपल्याला काय माहीत आहे ते आपल्याजवळच ठेवावे.

गट चालवणाऱ्याने चॅनेलची रचनाही याच प्रश्नावर करावी. ‘गप्पा’, ‘मदत’, ‘चित्रे’ अशी विषयवार विभागणी सुरुवातीला सोयीची वाटते, पण खरी गरज टप्प्यांनुसार विभागणीची असते : पहिल्या मोठ्या किल्ल्यापर्यंत, राजधानीपर्यंत, शेवटापर्यंत, आणि विस्तार. चॅनेलच्या नावात बॉसचे किंवा गुप्त जागेचे नाव येऊ देऊ नये, कारण डाव्या बाजूची यादी सर्वांना दिसते आणि नावच गोष्ट फोडते. ही चूक आम्ही स्वतः केली होती. डिस्कॉर्डवर वाक्याच्या आधी आणि नंतर प्रत्येकी दोन उभ्या रेघा दिल्या की मजकूर झाकला जातो, आणि चित्र पाठवतानाही ते स्पॉयलर, म्हणजे गोष्ट फोडणारे, म्हणून झाकता येते. पण नुसते झाकून भागत नाही. झाकलेल्या मजकुरापुढे तो कशाबद्दल आहे हे उघडे लिहावे लागते, नाहीतर वाचणाऱ्याने तो उघडावा की नाही हे कशावरून ठरवायचे? ‘राजधानीनंतरच्या भागाबद्दल’ एवढे दोन शब्द पुरतात. आणि ‘बापरे’, ‘हे अपेक्षित नव्हते’, ‘आता रडू येईल’ अशा उद्गारांनीही गोष्ट फुटते, कारण पुढे काहीतरी धक्कादायक आहे हे कळल्यावर मनुष्य सावध होऊन खेळतो, आणि धक्क्याची मजा तर बेसावध असण्यातच असते.

मदत मागणाऱ्याला थेट उत्तर देणे हा जाणकारांचा मोठा मोह आहे. समोरच्याने ‘या बॉसचे काय करू?’ असे विचारले की आपण दीड पानाचे बिल्ड (पात्राची ताकद आणि शस्त्रे यांची जुळणी), शस्त्र, ते मिळण्याची जागा आणि तिथे जाण्याचा रस्ता सांगून मोकळे होतो. त्याऐवजी आधी विचारावे : इशारा हवा आहे, की उत्तर? आमच्या गटात आता मदत मागणाराच प्रश्नासोबत हे लिहितो. ‘इशारा’ लिहिले असेल तर एकच वाक्य द्यायचे, जसे की ‘त्याच्या दुसऱ्या वारानंतर मागे न जाता डावीकडे जाऊन पाहा’, आणि मग गप्प बसायचे. हे गप्प बसणे अवघड जाते, हे मी अनुभवाने सांगतो. याच गेममध्ये खेळाडू ठरावीक शब्द जुळवून जमिनीवर इतरांसाठी संदेश सोडू शकतात, आणि कोणी त्या संदेशाला पसंती दिली की लिहिणाऱ्याच्या पात्राची प्रकृती त्या क्षणी भरून निघते. तो बिचारा दुसरीकडे बॉसशी झुंजत असला तर एखाद्या अनोळखी माणसाच्या पसंतीवर तगतो. साध्या भिंतीसमोर ‘पुढे गुप्त वाट आहे’ असे लिहून फसवणारेही तिथे भरपूर आहेत. असे थट्टेखोर गेममध्ये शोभतात. मदतीच्या चॅनेलवर मात्र त्यांना पहिल्याच वेळी समज द्यावी.

मराठीत बोलणाऱ्या गटाची एक अडचण इंग्रजी गटांना ठाऊकच नसते. आपल्या भाषेत ‘कुठपर्यंत आलास?’ असे विचारले की समोरचा पुरुष आहे, आणि वयाने आपल्या बरोबरीचा किंवा लहान आहे, या दोन्ही गोष्टी आपण न विचारता ठरवून टाकलेल्या असतात. नेरूळची एक खेळाडू आमच्या गटात जवळपास पाच महिने ‘मला जमले’, ‘माझ्याकडून झाले नाही’, ‘मला तो रस्ता सापडला’ अशीच वाक्ये लिहीत असे. ‘मी पोहोचले’ असे एकदा जरी लिहिले असते तरी ती मुलगी आहे हे कळले असते, आणि आधीच्या एका गटात ते कळल्यानंतर आलेल्या खासगी संदेशांचा तिला पुरेपूर वीट आला होता. हे तिने नंतर सांगितले तेव्हा तिची जुनी वाक्ये मी पुन्हा चाळली आणि त्यांतली कसरत पाहून खजील झालो, कारण त्यांतल्या निम्म्या वाक्यांना मी ‘भारी रे भावा’ असे उत्तर दिलेले होते. तेव्हापासून नियम असा आहे की ओळख होईपर्यंत सर्वांना ‘तुम्ही’ म्हणायचे. ‘आलात’, ‘खेळता’, ‘हरवलेत’ या रूपांत बाई, पुरुष, वय यांपैकी काहीच गृहीत धरले जात नाही. ‘अरे’वर यायचे ते समोरच्याने सुचवल्यावर. नौपाड्याचे एक निवृत्त बँक अधिकारी आमच्यात आहेत. त्यांना सगळे ‘काका’ म्हणतात, पण ते त्यांनी स्वतः मागून घेतलेले संबोधन आहे.

वादाचे म्हणाल तर प्रत्येक गेमचा एक कायमचा वाद असतो. ‘एल्डन रिंग’मध्ये तो असा, की बॉसशी लढताना मदतीला आत्मे बोलावणे, म्हणजे स्पिरिट ॲश वापरणे, हे खरे जिंकणे आहे की नाही. गेमनेच दिलेली सोय वापरली तर त्यात लबाडी कुठली, असे माझे मत आहे. पण मॉडरेटरने आपले मत सांगून वाद मिटवू नये. हा वाद मिटत नाही, आणि मिटूही नये, कारण प्रत्येक जण गेमकडून काय अपेक्षा करतो हे त्यातूनच कळते. फक्त ‘मी’ने सुरू होणारी वाक्ये मागावीत. ‘मला एकट्याने जिंकल्याशिवाय समाधान होत नाही’ हे वाक्य चर्चेला खाद्य पुरवते, तर ‘ॲश वापरणारे खेळाडूच नव्हेत’ या वाक्यावर उत्तर म्हणून शिवीच येते. बोलणाऱ्याने आपण कोणत्या आवृत्तीवर खेळलो हेही सांगावे. विस्तार आल्यावर आठवड्याच्या आतच आलेल्या एका दुरुस्तीने त्यातला सुरुवातीचा टप्पा थोडा सोपा झाला होता, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत घाम गाळणाऱ्याला ‘मला तर सहज जमले’ असे दहाव्या दिवशी ऐकवण्यात काहीच अर्थ नव्हता.

वाद तापला की स्लो मोड लावावा. म्हणजे एका माणसाला दोन संदेशांमध्ये ठरावीक वेळ थांबावे लागते. डिस्कॉर्डवर हा अवधी पाच सेकंदांपासून सहा तासांपर्यंत ठेवता येतो आणि आम्हाला बहुधा दोन मिनिटे पुरतात. लिहिलेल्या मराठीत ‘हो का?’ आणि ‘बरं’ हे शब्द फार धोक्याचे आहेत; बोलताना ते कौतुकाने म्हणता येतात, पण पडद्यावर ते नेहमी टोमण्यासारखेच वाचले जातात. दोघांची सलग तिसऱ्यांदा जुंपली तर त्यांना व्हॉइस चॅनेलवर बोलवावे. तिथे एकाच्या मागे पंखा घरघरत असतो, दुसऱ्याची आई ‘जेवायला ये, किती वेळा सांगायचं’ म्हणून ओरडते, आणि तिसरा ‘माइक म्यूट कर’ असे म्हणेपर्यंत निम्मा राग ओसरलेला असतो.

मैत्री मात्र चर्चेपेक्षा सोबत खेळण्याने लवकर जमते. त्यासाठी वार आणि वेळ ठरलेली असावी. ‘कधीतरी खेळू’ म्हणजे आपल्याकडे ‘नाही’च. आमचा शुक्रवार ठरलेला आहे, रात्री साडेदहा. बेत करण्यापूर्वी कोण कशावर खेळतो ते विचारून घ्यावे, कारण या गेममध्ये प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसी यांवरचे खेळाडू एकमेकांसोबत खेळू शकत नाहीत, आणि हे ऐन वेळी कळले की नवा माणूस फार हिरमुसतो. सर्वांनी एकच मल्टिप्लेअर पासवर्ड टाकला की एकमेकांना बोलावणे सोपे होते, आणि फार पुढे गेलेल्या खेळाडूची ताकदही नव्या मित्राच्या जगात आपोआप कमी केली जाते. तरीही पुढे गेलेल्याने मागे राहावे. ज्याच्या जगात आपण पाहुणे आहोत त्याला आधी दार उघडू द्यावे. सराईत पाहुण्याने बॉसला अर्ध्या मिनिटात लोळवले तर यजमानाच्या वाट्याला नुसते पाहणे उरते.

पैसे आणि वय यांबाबत लवचीकता नको. डिस्कॉर्डसाठी किमान वय 13 वर्षे आहे, आणि 18 वर्षांखालील सदस्यांशी मोठ्यांनी खासगी संदेशांत बोलू नये असा आमचा स्वतःचा नियम आहे. अकाउंट उसने देऊ नये, ‘स्वस्तात गेम’ विकणाऱ्याला यूपीआयने पैसे पाठवू नयेत, आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या क्रमांकावर कळवावे. पैसे लावून खेळायच्या गेमच्या जाहिराती दिसताच काढून टाकाव्यात. 2025 च्या केंद्रीय कायद्याने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे.

गटातून निघून गेलेल्या माणसाला सर्वांसमोर हाका मारू नयेत. घोडबंदरच्या मित्राला मी खासगीत दोनच ओळी लिहिल्या : चूक आमची होती, आणि टप्प्यांची चॅनेल आता तयार आहेत. ‘परत ये’ असे लिहिले नाही. तो सात आठवड्यांनी आला.

प्रत्यक्ष भेटायचे असेल तर पहिली भेट गर्दीच्या जागी आणि दिवसाउजेडी ठेवावी, आणि रविवार धरण्यापूर्वी मेगाब्लॉक पाहून घ्यावा. आमच्या पहिल्या भेटीला ट्रान्स-हार्बर बंद असल्यामुळे वाशी-नेरूळची मंडळी दोन तास उशिरा पोहोचली होती. आम्ही तलावपाळीला भेटलो. चेहरे कोणीच ओळखत नव्हते, आवाज सगळे ओळखत होते, त्यामुळे प्रत्येक नव्या माणसाला आधी काहीतरी बोलायला लावले जात होते. गप्पा शेवटच्या बॉसकडे वळल्या की घोडबंदरचा मित्र आपली कुल्फी घेऊन उठे, कठड्यापाशी जाऊन बोटी पाहत उभा राही, आणि विषय बदलला की काका त्याला हात करून परत बोलावत.