रस्त्यावर काम करणाऱ्या मजुराला वाहनाने धडक दिल्यास काय करावे

खड्डे बुजवताना, दुभाजक झाडताना किंवा रस्त्यावर पट्टे मारताना मजुराला वाहनाने धडक दिली, तर आधी एका माणसाला लाल झेंडा देऊन बरेच मागे उभे करावे. नाहीतर मदतीला धावलेलेच पुढच्या गाडीखाली सापडतात. त्यानंतर 108 ला, राष्ट्रीय महामार्ग असल्यास 1033 लाही, फोन करावा. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल, तर जखमीला हातापायांना धरून टेम्पोत टाकू नये. रुग्णालयात रस्ते अपघात अशी नोंद करून घ्यावी, कारण 2025 च्या केंद्रीय योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात.

जखमी रुग्णालयाकडे रवाना झाला की मुकादम बहुधा सामान आवरायला घेतो, आणि तिथेच पुढचा दावा कमकुवत होतो. मजूर वाहतुकीच्या मार्गात उभा होता, म्हणजे चूक त्याचीही होती, असा युक्तिवाद विमा कंपनी हमखास करते. म्हणून बॅरिकेड, सूचनाफलक आणि अंगावरचे चमकणारे जाकीट यांची छायाचित्रे काहीही हलवण्यापूर्वी काढावीत, वाहनाचा क्रमांक टिपावा आणि या वस्तू पंचनाम्यात लिहिल्या आहेत ना, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. बॅरिकेड लावलेच नसतील, तर तेही लिहून घ्यावे. तो दोष मजुराचा नसतो.

भरपाईच्या दोन वाटा आहेत. मालकाकडून मिळणाऱ्या कामगार भरपाईसाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, मात्र रक्कम वेतन आणि वय यांच्या ठरलेल्या सूत्राने निघते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भविष्यातील उत्पन्नाचा आणि वेदनांचाही विचार होत असल्याने रक्कम बहुधा मोठी असते, पण त्यासाठी चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि अर्ज 6 महिन्यांच्या आत करावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 167 नुसार या दोहोंपैकी एकच वाट निवडता येते, त्यामुळे कंत्राटदाराने पुढे केलेल्या कागदावर घाईने अंगठा देऊ नये. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात.

हजेरीपटावर नाव नसणे ही नेहमीची अडचण. अशा वेळी मजुरी जमा झाल्याचे संदेश, कामावरची जुनी छायाचित्रे आणि सोबत्यांचे जबाब त्याच आठवड्यात गोळा करावेत, कारण काम संपताच टोळी दुसऱ्या जिल्ह्यात निघून जाते.